जुना सर्व्हर बदलणे, रामदासपेठ, नागपूर: प्रकल्प नोंदी (मे ते जुलै २०२५)

काम: कर सल्लागाराचं कार्यालय, १९ माणसं, २४ संगणक, एक सर्व्हर. सर्व्हर बदलायचा आणि त्यावरच्या सगळ्या सामायिक फाइली नव्या यंत्रावर न्यायच्या. अट एकच: सोमवारी सकाळी माणूस खुर्चीत बसला की त्याचा 'एन ड्राइव्ह' (सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर) जागेवर हवा.

१२ मे, सोमवार. पाहणी

सर्व्हर २०१४ चा टॉवर आहे, त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर-टू. या आवृत्तीचा विस्तारित सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, म्हणजे दीड वर्षापासून एकही सुरक्षा पॅच नाही. एकाच यंत्रावर डोमेन (सगळ्यांची खाती आणि लॉगिन सांभाळणारी यंत्रणा), डीएनएस (यंत्राच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा), फाइली, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा लायसन्स सर्व्हर आणि हजेरी यंत्राचं सॉफ्टवेअर आहे.

डिस्क १ टीबीच्या तीन, रेड ५ मध्ये (तिन्ही मिळून एक साठा, एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो). वापरण्याजोगी जागा १.८१ टीबी, भरलेली १.३१. तिसऱ्या ट्रेवर पिवळा दिवा लागलेला आहे. डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या नोंदीत 'प्रेडिक्टिव्ह फेल्युअर' (डिस्क लवकरच जाणार असा इशारा) फेब्रुवारीपासून दिसतंय. पिवळा दिवा सगळ्यांनी पाहिला होता. काम चालू होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.

'सर्व्हर स्लो आहे' ही मूळ तक्रार. तिचं कारण डिस्क नाही, कंट्रोलरची बॅटरी आहे. ती मेल्यामुळे कंट्रोलरने राइट-बॅक कॅश (लिखाण आधी मेमरीत घेऊन मग डिस्कवर टाकण्याची सोय) आपणहून बंद केली आणि प्रत्येक बारीक लिखाण थेट डिस्कवर जाऊ लागलं. रेड ५ मध्ये एका छोट्या लिखाणामागे दोन वाचनं आणि दोन लिखाणं होतात, कॅश नसली की ती सगळी वाट पाहायला लावतात. टॅलीत एंट्री सेव्ह करताना अडकतं ते यामुळे.

सर्व्हर ज्या स्टोअरमध्ये आहे तिथे हॉलच्या कूलरची हवा झरोक्यातून सोडलेली आहे. पुढच्या जाळीवर पांढरा थर साचलाय. कूलरच्या हवेसोबत जे बारीक तुषार उडतात त्यातला हा बोअरच्या पाण्याचा क्षार आहे, धूळ नाही. ब्रशने निघत नाही, नखाने खरवडावा लागतो.

आजचा निर्णय: सर्व्हर रीबूट करायचा नाही, झाकण उघडायचं नाही, खराब डिस्क काढायची नाही. आधी पूर्ण प्रत. अकरा वर्षं फिरत असलेली डिस्क थांबली की पुन्हा फिरेलच असं नाही. आणि नवी डिस्क घालून रीबिल्ड (तिच्यावर डेटा पुन्हा उभारणं) सुरू केला तर उरलेल्या दोन म्हाताऱ्या डिस्क शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचाव्या लागतात. दुसरी जाते ती नेमकी तेव्हाच.

१४ मे, बुधवार

पहिली प्रत पूर्ण. सर्व्हरला फक्त यूएसबी २ आहे, त्यावरून प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतं. म्हणून ४ टीबीची बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकाच्या यूएसबी ३ ला लावली आणि नेटवर्कवरून ओढलं. ७ तास २० मिनिटं. क्रम मुद्दाम ठरवून दिला: आधी टॅली डेटा, मग चालू वर्षाच्या क्लायंट फाइली, मग बाकीचं. डिस्क मध्येच गेली असती तर जे कामाचं ते आधीच बाहेर आलेलं असतं.

प्रत कार्यालयाबाहेर ठेवली. पूर्वीचा बॅकअप सर्व्हरच्याच डोक्यावर ठेवलेल्या डिस्कवर होत होता.

१६ मे, शुक्रवार. आत काय आहे

एकूण ९ लाख ४० हजार फाइली. सुमारे ३८ टक्क्यांना २०१८ नंतर कुणी हात लावलेला नाही. कुणाच्या तरी लग्नाचे व्हिडिओ १४० जीबी. साफसफाई मात्र आता करायची नाही. हलवणं आणि आवरणं एकत्र केलं की हरवलेली फाइल हलवताना गेली की आवरताना गेली, हे कधीच ठरत नाही.

लक्ष द्यायच्या गोष्टी:

लांब पत्ते. २६० अक्षरांपलीकडच्या १,१४० फाइली. एखादा माणूस आतल्या फोल्डरलाच ड्राइव्हचं अक्षर देतो, त्याला पत्ता आखूड दिसतो, तो आत आणखी सात फोल्डर करतो. सर्व्हरच्या मुळापासून मोजलं की पत्ता मर्यादेबाहेर. विंडोज एक्सप्लोररने ओढून टाकायला गेलं तर या फाइली अडतात. रोबोकॉपी (विंडोजची नक्कल करण्याची आज्ञा) त्या नेतं.

आउटलुकच्या पीएसटी फाइली (मेलचा साठा) ११, सगळ्या शेअरवर म्हणजे सर्व्हरच्या सामायिक फोल्डरात ठेवून चालू. नेटवर्कवरून पीएसटी वापरायला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही आणि दिवसभर त्या उघड्याच असतात, म्हणजे कुठल्याच बॅकअपमध्ये धड येत नाहीत. हलवण्याआधी त्या ज्याच्या त्याच्या संगणकावर नेल्या.

मराठी फाइली दोन प्रकारच्या. नव्या युनिकोडमध्ये, जुन्या श्रीलिपी आणि कृतिदेवमध्ये. जुन्यांचा मजकूर सर्व्हर बदलल्याने बिघडत नाही. पण नव्या संगणकावर फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो आणि बोल सर्व्हरला लागतो. फॉन्टचं फोल्डर वेगळं काढून ठेवलं.

१९ मे, सोमवार. सामान

नुसता नॅस (नेटवर्कवर फाइली साठवणारी डिस्कची पेटी) घ्यावा का, ही चर्चा झाली. फक्त फाइली असत्या तर चाललं असतं. इथे डोमेन आहे, २४ संगणकांचं लॉगिन त्यावर आहे, टॅली आहे. सर्व्हरच घ्यायचा ठरला आणि नॅस बॅकअपसाठी.

सर्व्हर: एक प्रोसेसर, ३२ जीबी ईसीसी म्हणजे बारीक चुका स्वतः सुधारणारी मेमरी (१६ च्या दोन, दोन स्लॉट मोकळे), फ्लॅशने राखलेल्या कॅशचा रेड कंट्रोलर, ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ४८० जीबीचे दोन एसएसडी रेड १ मध्ये (एकाची दुसऱ्यावर हुबेहूब प्रत), डेटासाठी ४ टीबीच्या चार एंटरप्राइझ डिस्क रेड १० मध्ये (अशाच प्रतींच्या दोन जोड्या). वापरण्याजोगी जागा सुमारे ७.२७ टीबी. रेड ५ ने जागा जास्त मिळाली असती, पण रीबिल्डचा धोका नको. जागा इथे कमी पडतच नाही.

परवाने: विंडोज सर्व्हर २०२२ स्टँडर्ड, १६ कोअर. त्यात दोन व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्राच्या आत चालणारी आभासी यंत्रं) चालवता येतात, यजमान म्हणजे बाहेरची विंडोज केवळ त्यांच्यासाठी वापरली तर. एका मशीनवर डोमेन, दुसऱ्यावर फाइली आणि टॅली. वर २५ कॅल (सर्व्हर वापरणाऱ्या माणसाचा किंवा संगणकाचा परवाना). जुन्या २०१२ च्या कॅल २०२२ ला चालत नाहीत, आणि कोटेशनमधून हीच ओळ सर्रास सुटलेली असते. मग खरेदी मंजूर झाल्यावर 'हे आणखी कशाचे पैसे' असा प्रश्न येतो.

बॅकअप: दोन कप्प्यांचा नॅस, ८ टीबीच्या दोन डिस्क आरशात. शिवाय आळीपाळीने बाहेर नेण्यासाठी ४ टीबीच्या दोन डिस्क.

यूपीएस: २ केव्हीए ऑनलाइन. भार मोजला तर सर्व्हर, नॅस, स्विच, राउटर मिळून २५० वॉटच्या आत. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना जवळजवळ निम्मं होतं. नागपूरच्या मे महिन्यात बंद स्टोअरमध्ये ठेवलेल्या बॅटरीचं काय होतं ते जुन्या यूपीएसने दाखवलंच: मेन बंद केल्यावर ४० सेकंदांत गप्प.

२२ मे, गुरुवार. खोली आणि अर्थिंग

झरोका प्लायने बंद करून कडा सिलिकॉनने भरल्या. एक टनाचा स्प्लिट एसी लावला. २५०-३०० वॉटच्या उष्णतेला एक टन म्हणजे तब्बल ३.५ किलोवॉट, हिशेबाने फारच जास्त. पण पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, खरी लढाई तिच्याशी आहे. इनडोअर युनिट रॅकच्या वर लावू दिलं नाही. निचऱ्याची नळी तुंबली की पाणी थेट सर्व्हरमध्ये. लावणाऱ्याला तीच जागा सोयीची वाटत होती, वादावादी झाली.

न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ९.४ व्होल्ट आले. दोनच्या आत हवेत. दोन दोष निघाले. वितरण पेटीत न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता, तारेचं टोक काळवंडलेलं. टोक कापून, लग दाबून घट्ट केल्यावर ३.८. उरलेला दोष मागच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात होता. काळी माती उन्हाळ्यात आकसते, तडकते, आणि इलेक्ट्रोडभोवती बोटभर फट पडते. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर आकडा लगेच उतरला, म्हणजे निदान बरोबर. पण पाणी ओतणं हा उपाय नाही, आठवड्यात पुन्हा तेच. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरून नवा पाइप अर्थ घेतला. आता १.१ व्होल्ट.

२८ मे, बुधवार. नव्या यंत्राची तपासणी

सर्व्हर सोमवारी आला. फर्मवेअर आधी अद्ययावत केलं, मग २४ तास मेमरी चाचणी, मग डिस्कवर पूर्ण वाचन-लेखन. चारपैकी एका नव्या डिस्कने पहिल्याच दिवशी ८ खराब सेक्टर बदलून घेतले. आकडा छोटा आहे आणि डिस्क स्वतःला निरोगीच म्हणवते, तरी परत केली. नव्या डिस्कला शून्यच हवा. प्रत्येक ट्रेवर कप्प्याचा क्रमांक आणि डिस्कचा सिरियल नंबर चिकटवला. पुढे कधी रात्री एक डिस्क काढायची वेळ आली तर चुकीची निघू नये.

बदलाची तारीख. करवाल्यांचं पंचांग वेगळं असतं: ७ ला टीडीएस भरणा, ११ ला जीएसटीआर-१, १५ जूनला आगाऊ कराचा पहिला हप्ता, २० ला जीएसटीआर-३बी, आणि ३१ मे ला चौथ्या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र. कालच आयकर विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेल्याचं जाहीर झालं, त्यामुळे जूनअखेर थोडी उसंत मिळते. शनिवार २१ जून ठरला.

२ जून, सोमवार. डोमेन

यजमान विंडोज मुद्दाम डोमेनमध्ये घेतली नाही. डोमेनचं मशीन यजमानाच्याच पोटात आहे; ते उठलं नाही तर यजमानावर लॉगिन करता आलं पाहिजे.

नवा डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारं मशीन) जोडायला गेलो आणि विझार्डने नकार दिला. डोमेन मूळचं २००३ च्या काळातलं. पुढे सर्व्हर बदलला, पण कार्यपातळी २००३ चीच राहिली आणि सिसव्हॉल फोल्डरची (त्यात डोमेनचे नियम असतात) देवाणघेवाण जुन्या एफआरएस पद्धतीनेच. सर्व्हर २०२२ ला एफआरएस चालत नाही. क्रम असा: डोमेन आणि फॉरेस्टची (डोमेन ज्या समूहात असतं त्याची) पातळी वर नेली, मग डीएफएसआर-मिग या आज्ञेने टप्पा १, २, ३. प्रत्येक टप्प्यानंतर स्थिती विचारायची आणि 'सर्व कंट्रोलर पोहोचले' असं उत्तर आल्यावरच पुढे. तिसऱ्या टप्प्यानंतर परतीची वाट नाही, म्हणून त्याआधी सिस्टिम स्टेटचा बॅकअप घेतला. सगळं मिळून तासभर.

पाचही एफएसएमओ भूमिका (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) नव्या मशीनवर घेतल्या. जुना कंट्रोलर सध्या सोबत राहील.

घड्याळ: जुना सर्व्हर ४ मिनिटं मागे होता. सगळे संगणक त्याच्याकडूनच वेळ घेत असल्याने तेही ४ मिनिटं मागे, म्हणून भांडण कुठेच नव्हतं. नव्या मशीनची हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवणारी विंडोजची सोय) कडून वेळ घेण्याची सोय बंद केली आणि एनआयसीचे (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे) 'समय' सर्व्हर व राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा वेळ सर्व्हर दिले. कर्बेरॉस (डोमेनमधली ओळख पटवण्याची पद्धत) पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक सहन करत नाही. आणखी एक मिनिट घसरलं असतं आणि नवं मशीन जोडताना नुसते 'ॲक्सेस डिनाइड' दिसत राहिले असते.

६ जून, शुक्रवार. पहिली मोठी नक्कल

काल रात्री रोबोकॉपीने. आज्ञा नव्या मशीनवरून चालवली, जुन्याकडून ओढायची; जुन्यावर जितका कमी भार तितकं बरं. आज्ञेला जोडलेले स्विच म्हणजे पर्याय: उपफोल्डरसाठी 'ई', परवानग्या आणि मालकीसकट सगळं नेण्यासाठी 'कॉपीऑल', फोल्डरच्या तारखांसाठी 'डीकॉपी', बॅकअप हक्काने वाचण्यासाठी 'बी', जंक्शन (दुसऱ्याच फोल्डरात नेणारे दुवे) टाळण्यासाठी 'एक्सजे', आणि 'आर' (पुन्हा किती प्रयत्न) व 'डब्ल्यू' (मध्ये किती सेकंद थांबायचं) दोन्ही १. हे शेवटचे दोन विसरू नयेत. न दिल्यास रोबोकॉपी अडलेल्या फाइलीपाशी ३० सेकंदांच्या अंतराने दहा लाख वेळा प्रयत्न करतं; हिशेब केला तर एका उघड्या एक्सेलपाशी जवळजवळ वर्षभर उभं राहील.

नोंदीसाठी साधा 'लॉग' न देता 'युनिलॉग' दिला. साध्या लॉगमध्ये मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. कुठली फाइल राहिली तेच कळत नाही.

एकावेळचे धागे (एकदम किती फाइली न्यायच्या) आधी १६ ठेवले. आजारी रेड ५ वर डोकी इतकी धावू लागली की वेग सेकंदाला १२ एमबीवर आला. ४ केल्यावर ४५. एसएसडीसाठी जो आकडा चांगला तो जुन्या फिरत्या डिस्कला मारक.

सकाळी पाहिलं तर नव्या ई ड्राइव्हवर जागा भरलेली, पण डेटा फोल्डर दिसेना. हे माहीत असूनही विसरायला होतं. ड्राइव्हच्या मुळापासून नक्कल केली की मुळाचे 'हिडन' आणि 'सिस्टिम' हे गुण नव्या फोल्डरला चिकटतात. ॲट्रिब या आज्ञेने दोन्ही काढले, फोल्डर समोर. घाबरून पुन्हा नक्कल सुरू करू नये.

निकाल: ९ तास १० मिनिटं. परत आलेला कोड ९. हा कोड बेरीज असतो: १ म्हणजे फाइली गेल्या, ८ म्हणजे काही गेल्या नाहीत. राहिलेल्या ४० पैकी ३७ उघड्या होत्या, त्या पुढच्या फेरीत जातील. तीन फाइलींवर त्रुटी २३, म्हणजे डिस्कवरच वाचता येत नाहीत. १४ मे च्या प्रतीतही त्या नव्हत्या. त्यातल्या दोन, जुन्या बॅकअपच्या डिस्कवर सापडल्या. एक नाही: २०१६ चा एक स्कॅन केलेला पीडीएफ. कार्यालयाला नावासकट लेखी कळवलं.

९ जून, सोमवार. परवानग्या

जुन्या शेअरवर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल', आणि आत माणसामाणसाच्या नावाने परवानग्या. सोडून गेलेल्यांच्या जागी नुसते एस-१-५-२१ ने सुरू होणारे आकडे (पुसलेल्या खात्यांचे आतले क्रमांक). सात गट केले. परवानगी गटालाच, माणसाला नाही. पगार आणि भागीदारांचं फोल्डर आजच नव्या पद्धतीवर. क्लायंट फोल्डर बदलाच्या दिवसापर्यंत जसंच्या तसं, नाहीतर त्या दिवशी उघडलं नाही तर दोष नक्की कशाचा हे शोधण्यात सोमवार जाईल.

१२ जून, गुरुवार. नावाला काय काय लटकलंय

फाइली नेणं सोपं. सर्व्हरच्या नावाला जे जे बांधलेलं असतं त्याची यादी कुणाकडेच नसते. तीन दिवस दर दहा मिनिटांनी जुन्या सर्व्हरवरची सत्रं आणि उघड्या फाइली नोंदवल्या. सापडलेलं:

एक्सेलची ६३ वर्कबुकं एकमेकांना पूर्ण नेटवर्क पत्त्याने जोडलेली. हजेरी यंत्राचं सॉफ्टवेअर सामायिक फोल्डरातल्या ॲक्सेस डेटाबेसमध्ये लिहितं, रात्री ११ ला. दिवसा पाहिलं असतं तर दिसलंच नसतं. तीन संगणकांवर ड्राइव्ह नावाने नाही तर आयपीने (आकडी पत्त्याने) जोडलेला. चार संगणकांवर डीएनएस हाताने टाकलेला. टॅलीचा डेटा पत्ता प्रत्येक संगणकावर वेगळा लिहिलेला. आणि दोन मोठी स्कॅन यंत्रं, जी फक्त एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची जुनी भाषा) बोलतात.

म्हणून संगणक ज्या नावाने सर्व्हर शोधतात ते नाव बदलायचं नाही. बदलानंतर जुन्याला वेगळं नाव द्यायचं, आणि त्याचं मूळ नाव नव्या फाइल मशीनला 'नेटडोम कॉम्प्युटरनेम' ने पर्यायी नाव म्हणून जोडायचं. नुसती सीनेम नोंद (डीएनएसमधलं टोपणनाव) टाकून भागत नाही, कारण कर्बेरॉसला त्या नावाची सेवा नोंद म्हणजे एसपीएन सापडत नाही. जुना आयपीही फाइल मशीनलाच.

एसएमबी १ नव्या सर्व्हरवर चालू करणार नाही. मे २०१७ चं वॉनाक्राय हे खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर याच दारातून शिरलं होतं. एका स्कॅन यंत्राला नवं फर्मवेअर मिळालं, ते आता एसएमबी २ बोलतं. दुसऱ्याला नाही, ते नॅसवरच्या एका बंदिस्त फोल्डरात एफटीपीने टाकेल आणि तिथून फाइल आपोआप शेअरवर येईल.

१७ जून, मंगळवार. बॅकअप आणि मराठी नावं

नॅसवर फाइल-फाइल प्रत घेताना ४६ फाइली नाकारल्या गेल्या. सगळ्या मराठी नावांच्या, सगळ्या शासकीय परिपत्रकं; आख्खा विषयच फाइलीचं नाव करून ठेवलेला. नॅस आतून लिनक्स, आणि तिथे नावाची मर्यादा २५५ बाइट. विंडोजची एनटीएफएस २५५ चिन्हं मोजते, बाइट नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे हाती उरतात ८५ चिन्हं. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. 'क्षि' डोळ्याला एक अक्षर, पण साठवताना क, हलन्त, ष आणि वेलांटी: चार चिन्हं, १२ बाइट. जोडाक्षरांनी भरलेलं 'कार्यालयीन निर्देशांच्या अनुषंगाने' थाटाचं नाव तीस-पस्तीस अक्षरांतच मर्यादा गाठतं. इंग्रजी नावांवर चाचणी करून 'बॅकअप नीट चालतो' म्हणणाऱ्यांना हे कधी दिसत नाही.

उपाय: फाइल-फाइल प्रत बंद. आख्ख्या व्हर्च्युअल मशीनचा एकसंध बॅकअप, मग आतली नावं काहीही असोत. परत आणण्याची चाचणी घेतली: ४६ पैकी पाच, एक टॅली कंपनी, आणि पूर्ण डोमेन मशीन तोडलेल्या नेटवर्कवर उठवून. ५२ मिनिटं.

२१ जून, शनिवार. बदल

१४:०० कार्यालय बंद. दोन संगणकांवर एक्सेल उघडं, माणसं घरी. फोन करून विचारलं, सेव्ह करून बंद केलं.

१४:२० जुन्या शेअरची परवानगी फक्त वाचनाची. आता इकडे काही बदलू शकत नाही.

१४:३० शेवटची फेरी 'एमआयआर' ने करायची, म्हणजे जुन्यावर नाही ते नव्यावरून पुसलं जाणार. त्याआधी 'एल' लावून कोरडी फेरी. यादीत १९ 'एक्स्ट्रा' फाइली. सतरा चाचणीच्या. दोन खऱ्या: वापरून पाहायला दिलेल्या शॉर्टकटवरून मंगळवारी कुणीतरी नव्या सर्व्हरवरच थेट काम सेव्ह केलेलं. उचलून बाजूला ठेवल्या. कोरडी फेरी नसती तर गेल्या असत्या.

१४:५० खरी फेरी, ३८ मिनिटं, कोड ३. फाइलींची संख्या आणि एकूण बाइट दोन्हीकडे जुळले. शिवाय टॅली फोल्डरचे आणि २०० निवडक फाइलींचे हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा, जुळला तर फाइल तीच).

१५:४० टॅलीचा परवाना जुन्यावरून सरेंडर, नव्यावर सक्रिय. हे जुनं यंत्र चालू आणि इंटरनेटवर असतानाच करायचं.

१६:१० जुना कंट्रोलर डिमोट (डोमेनच्या कामातून मोकळा), रीबूट. सात मिनिटं काहीच नाही, मग उठला. डिस्कने शेवटचा उपकार केला. नाव बदललं, आयपी बदलला.

१६:४५ पर्यायी नाव जोडायला गेल्यावर 'आधीच वापरात' अशी त्रुटी. जुन्या खात्यावर मूळ नावाचा एक एसपीएन राहून गेला होता. सेट-एसपीएनने शोधून काढून टाकला, मग जोडलं गेलं.

१७:३० वादळ, वीज गेली. यूपीएसवर ४७ मिनिटं निघाली, बॅटरी ५८ टक्क्यांवर असताना वीज आली. काम थांबवलं नाही, मात्र त्या वेळात रीबूट होईल असं काहीही केलं नाही.

१८:३० सगळे २४ संगणक एकेक करून सुरू, ड्राइव्ह, छपाई, स्कॅन, टॅली. तीन संगणक पासवर्ड मागत राहिले: क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना साठवलेला होता. पुसला, चालू. २१:१५ ला कुलूप.

२३ जून, सोमवार. पहिला दिवस

नऊ तक्रारी. पहिलीच १०:०५ ला: "भाऊ, एन ड्राइव्ह दिसून नाही राहिला." लॅपटॉप वायफायवर, डीएनएस राउटरचा. डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटणारी सेवा) राउटरवरून काढून नव्या डोमेन मशीनवर आणला, तोच दोष असलेले आणखी दोन आपोआप सुटले.

एका लॅपटॉपवर 'ऑफलाइन फाइल्स' चालू निघालं. १४ महिन्यांपासून समक्रमण अडलेलं आणि माणूस प्रत्यक्षात लॅपटॉपवरच्या प्रतीवर काम करत होता, सर्व्हरवर समजून. २१२ फाइली फक्त त्या लॅपटॉपवर होत्या. आधी त्या बाहेर काढल्या, तारखा तपासून शेअरवर ठेवल्या, मगच सुविधा बंद केली. उलट क्रमाने केलं असतं तर त्या फाइली दिसेनाशा झाल्या असत्या. बाकीचे संगणक तपासले, आणखी एक सापडला, त्यात काही अडकलेलं नव्हतं.

एक्सेलच्या जोडण्या: ६३ पैकी ६३ चालू. हजेरी यंत्राचं रात्री ११ नंतर कळेल.

२४ जून, मंगळवार

हजेरी आली नाही. ज्या सेवेकडे ते काम होतं ती जुन्या यंत्राच्या अंगभूत 'लोकल सिस्टिम' खात्यावर चालत होती. डोमेनमध्ये वेगळं खातं केलं, फक्त त्या एका फोल्डरापुरतं. कालच्या नोंदी हजेरी यंत्राच्या मेमरीतून परत ओढल्या.

३० जून, सोमवार

क्लायंट फोल्डर नव्या गटांवर आणलं. एक गोम सांगून ठेवली: एकाच ड्राइव्हवर फाइल 'मूव्ह' केली तर ती जुनी परवानगी घेऊन जाते, 'कॉपी' केली तर नव्या फोल्डरची घेते. भागीदारांच्या फोल्डरातून ओढून बाहेर टाकलेली फाइल इतरांना उघडत नाही, ती यामुळे.

जुना सर्व्हर बंद, केबल काढलेली, जागेवरच. २३ जुलैपर्यंत हात लावायचा नाही.

२३ जुलै, बुधवार

महिन्यात जुन्यावरून एकही फाइल मागावी लागली नाही. डिस्क काढल्या. त्यातल्या दोन डिस्क प्रत्येकी तीन फेऱ्यांत पुसल्या. तिसरी खराब असल्याने तिच्यावर पूर्ण लिहिताच येत नाही, आणि जे सेक्टर बाजूला टाकलेले असतात त्यात कुणाचा पॅन, कुणाचं आधार राहतंच. म्हणून तिन्हींना ड्रिलने प्रत्येकी चार भोकं, प्लेटींच्या आरपार. सांगाडा अधिकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे, पावती फाइलमध्ये.

खोली २६ अंश, न्यूट्रल-अर्थ ०.९ व्होल्ट (पाऊस झालाय, मे मध्ये पुन्हा मोजायचं). बाहेर नेण्याची डिस्क 'ब' आज गेली, 'अ' परत आली. बॅकअप परत आणण्याची पुढची चाचणी सोमवार, १८ ऑगस्ट.